बिरोबाचा टाका

मित्रांनो, माझी मान जन्मापासून वाकडी आहे. त्यावरून मला कुणी हसू नये, कारण त्या वाकड्या मानेवरच माझं पोट चालतं. मी लोकर विणायची क्रोशाची सुई, वीतभर लांब आणि चांगली जुनी. माझ्या अंगावर एकेकाळी निळा रंग होता. आता तो फक्त नंबराच्या खाचेत उरला आहे, बाकीचा बायकांच्या बोटांनी झिजवून नेला. माझी गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे खरी, पण त्यात मी थोडी आहे आणि बनाबाई जास्त आहे, हे आधीच सांगून टाकते.

जन्माचं फार कौतुक करण्यासारखं काही नाही. एका कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी एकाच दिवशी एकाच साच्यातून बाहेर पडल्या. पुढे सांगलीच्या पेठेत एका दुकानात, बटणं आणि लेस यांच्या मधल्या खणात मी पडून राहिले. तिथून मला लीलाबाईंनी उचललं. लीलाबाई विश्रामबागेत राहायच्या आणि प्राथमिक शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली, चहा झाला की खिडकीशी बसून विणायच्या. त्यांच्या हातात मी टोपडी विणली, मोजे विणले, शाली विणल्या. एकदा महिला मंडळाच्या प्रदर्शनात आमची शाल मधल्या टेबलावर मांडली होती आणि आलेली प्रत्येक बाई तिला हात लावून जात होती. कौतुक शालीचं झालं, लीलाबाईंचं झालं. सुईला कोण विचारतो? पण मी ते मनाला लावून घेतलं नाही.

पुढे लीलाबाईंची मुलं मोठी होऊन लांब गेली, दुकानात तयार स्वेटर मिळू लागले आणि मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जागा मिळाली. तिथं माझ्या सोबतीला तुटक्या चेनी आणि एकुलती एक बटणं. बारा वर्षं मी त्या अंधारात काढली. आपलं आयुष्य संपलं, असं मी धरूनच चालले होते.

डबा उघडला तो आनंदाच्या कामासाठी नाही. लीलाबाईंच्या यजमानांच्या, आण्णांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. आत चार तास आण्णा मशीनला जोडलेले आणि बाहेर बाकड्यावर चार तास लीलाबाई. नुसतं बसून भिंतीकडे किती बघणार? म्हणून त्यांनी मला आणि जुन्या लोकरीला पिशवीत घातलं.

त्या बाकड्यावर मी बनाबाईला पहिल्यांदा पाहिलं.

बनाबाई कवठेमहांकाळच्या पलीकडच्या गावातली. पन्नाशी उलटलेली, काष्ट्याचं लुगडं, हातात भाकरीची पिशवी आणि काखेत काळं घोंगडं. तिच्या पुढे तात्याबा, तिचा नवरा. उंच माणूस, डोक्याला पटका, पण चेहरा राखेसारखा झालेला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं हे घर. पावसाळा सोडला तर बाकी सगळं वर्ष कळपामागं चालायचं, रात्री उघड्यावर निजायचं. आता आठवड्यातून दोन दिवस डायलिसिसला येण्यात जायचे, कळप राखायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मेंढरं भावकीत देऊन टाकली होती. मुलगा दिग्विजय पुण्यात कामाला. तो फोन करायचा, पण फोनवरून काही मेंढरं राखता येत नाहीत.

पहिल्याच दिवशी घोंगड्यावरून अडलं. मंगल सिस्टर म्हणाली, "काका, हे आत चालायचं नाही. ह्याचे केस गळतात. सुयांच्या जागी गेले तर जंतू होतील."

"आगं, माझा जनम गेला ह्याच्यात," तात्याबा म्हणाले.

"गेला असंल. पण इथं चादरच घ्यायची."

चादर पातळ होती. डावा हात सुयांसाठी उघडाच ठेवावा लागे, त्यामुळे स्वेटरही चालेना. बाही वर सरकवली की नेमकी सुया टोचायच्या शिरेवर दाबली जाई. तात्याबा दोन तास झाले की थरथरायला लागायचे. काचेच्या दारातून बनाबाई बघत राहायची. ज्या माणसाने घाटाच्या पावसात आणि माणदेशाच्या पहाटेत कधी थंडीचं नाव काढलं नाही, तो चार भिंतींच्या आत दातावर दात आपटत होता.

"रगत भाईर जातंय आन्‌ गार हून म्हागारी येतंय," ते बाहेर आल्यावर म्हणायचे. "हाडात शिरतीया थंडी. बना, ह्यो काय जगायचा परकार न्हाई."

मग एके दिवशी, डिसेंबर लागला तेव्हा, बाकड्यावर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, "संक्रांतीपातूर येतो. त्याच्याम्होरं मला आणू नगंस. मेंढरं गेली, माझं काम संपलं. मला सोड आता."

मित्रांनो, डायलिसिस सोडलं तर त्या रोगात माणूस फार दिवस काढत नाही. डॉक्टरांनी हे बनाबाईला स्पष्ट सांगितलं होतं. आता तिने पिशवीतली भाकरी काढली, परत ठेवली, परत काढली. शेजारी लीलाबाई मला हातात धरून बसल्या होत्या, त्यांचंही विणणं थांबलं.

तात्याबा पाणी प्यायला उठले तेव्हा लीलाबाई म्हणाल्या, "बनाबाई, त्यांना पोंचो विणू या. बाह्या नसतात त्याला. पुढं एक चौकोन, मागं एक चौकोन, खांद्यावर जोडायचे, मधे डोकं जाईल एवढी जागा. हात उघडा राहतो आणि छाती-पाठ झाकते. धुता येतो, सिस्टर अडवणार नाही."

"खोळ म्हना की," बनाबाई म्हणाली. घोंगड्याची खोळ करून डोक्यावरून घेतात, ती तिला ठाऊक होती. "पर मला कुठं येतंय विनायला?"

"मी शिकवते. चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय, तुम्हाला येणार नाही म्हणजे काय."

आणि मी बनाबाईच्या हातात गेले. आई गं! तिने मला खुरपं धरावं तशी मुठीत धरली. माझी मान जमिनीकडे आणि शेपूट तिच्या तोंडाकडे. पहिल्या दिवशी तिने लोकरीचे एवढे गुंते केले की लीलाबाईंना चष्मा काढून पुसावा लागला. साखळी कधी इतकी आवळ की माझी मान आत शिरेना, कधी इतकी सैल की त्यातून आवळा जावा. पण बाई चिवट. चौथ्या बैठकीला तिच्या हातून सरळ साखळी निघाली, आणि तिच्यावर उभे टाके, ज्यांना विणणाऱ्या बायका खांब म्हणतात, ते एकापुढे एक उभे राहू लागले.

"एका ओळीत ऐंशी खांब," लीलाबाईंनी बजावलं. "मोजून."

"चार विसा," बनाबाई म्हणाली. मेंढरं विसाच्या हिशेबाने मोजायची, तसेच ती टाके मोजू लागली. एक विसा, दोन विसा, तीन विसा. चौथ्या विसाच्या शेवटी मात्र एक खांब राहिलेला असताना ती थांबली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि ओळ उलटी फिरवून पुढे गेली.

मी दचकले. सुईला हे लगेच कळतं. शेवटचा टाका न घेता वळलं की पुढच्या ओळीत एक कमी. त्या ओळीतही शेवटचा सोडला की आणखी एक कमी. नवशिक्या हमखास ही चूक करतात आणि त्यांचा चौकोन वर निमुळता होत जातो. मला वाटलं हीसुद्धा नवशिकीच. पण पुढच्या ओळीच्या टोकाला तिचे ओठ माझ्या जवळ आले आणि मला शब्द ऐकू आले.

"आन्‌ एक बिरुबाचा."

ही तिच्या सासऱ्यांची सवय होती. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरीत शिरताना म्हातारा तोंडाने मोजायचा, आणि शेवटच्या मेंढराला आकडा न देता म्हणायचा, आन्‌ एक बिरुबाचं. नवी सून बनाबाई वाघरीचं तोंड धरून उभी असायची. तिने ते मनात असं बसवलं की शेवटचं आपण घ्यायचं नाही, ते देवाचं. देवाला त्याचं दिलं की तो दुसरीकडे हात घालत नाही. सासरे गेले, पण तिने ही रीत सोडली नाही. चुलीवरची शेवटची भाकरी, कणगीतली शेवटची मूठ, सगळीकडे तिचा एक बिरोबाचा असायचा. मग नवऱ्यासाठी विणायच्या खोळीत तो नसेल तर कसं चालेल?

सहा ओळी झाल्यावर लीलाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी बोट ठेवून मोजलं. "बनाबाई, हे तर चौऱ्याहत्तरच भरतात. प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब तुम्ही सोडताय."

"व्हय," बनाबाई म्हणाली, आणि कारण सांगितलं.

लीलाबाई हसल्या नाहीत. चांगल्या शिक्षिका होत्या त्या. फक्त एवढंच म्हणाल्या, "देवाला वेगळं काही देऊ. पण हा टाका सोडलात तर पोंचो खांद्यापर्यंत पोचणारच नाही. मग यांची थंडी कशी जाणार?"

बनाबाईने पुष्कळ वेळ विचार केला. मग सगळं उसवलं आणि त्या मंगळवारी नव्याने सुरुवात केली. प्रत्येक ओळीच्या टोकाला तिने शेवटचा टाका घेतला. पाच ओळी झाल्या, ऐंशीच्या ऐंशी, दोन्ही कडा सरळ. मला माझा जुना काळ आठवला. आता हे जमतंय, असं मला मनापासून वाटलं.

शुक्रवारी बाकड्यावरची लीलाबाईंची जागा रिकामी होती. आण्णा बुधवारी गेले होते.

लीलाबाई दुपारी येऊन गेल्या, आण्णांच्या फायली न्यायला. बनाबाई उभी राहिली, दोघींनी एकमेकींचे हात धरले. लीलाबाईंनी लोकरीची सगळी पिशवी तिच्यापुढे ठेवली. "सुई तुमच्याकडेच असू दे. माझं विणून झालं. शेवटचा टाका मात्र विसरू नका."

किती सरळ वाक्य होतं! पण त्या वाक्याने बनाबाईच्या काळजात काय केलं ते मी बघत होते, कारण मी तिच्या मुठीत होते. मूठ इतकी आवळली गेली की मी वाकते की काय असं मला वाटलं. मंगळवारी तिने बिरोबाचा टाका सोडला नाही आणि बुधवारी तिच्या शेजारणीचा नवरा गेला. मित्रांनो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आण्णा बरेच दिवस खंगत चालले होते. पण ज्याच्या घरात मरण दाराशी येऊन बसलं आहे त्याला हे कोण समजावणार? आणि मला तर तोंडच नाही.

परतीच्या एसटीत तिने पाचही ओळी उसवल्या. तात्याबा खिडकीबाहेर बघत होते, त्यांना काही कळलं नाही. ती भराभर धागा ओढत होती आणि पुटपुटत होती, "चुकलं माजं. चुकलं. बिरुबा, त्येंच्याकडं बघू नगंस."

तिथून पुढे तिने मला क्षणभर विसावा दिला नाही. बाकड्यावर, एसटीत, चुलीपुढे भाकरी फुगेपर्यंत, ती विणत होती. आणि प्रत्येक ओळीला एक टाका सोडत होती. तिला चौकोन निमुळता होताना दिसत नव्हता असं नाही. ती हाताने कड चाचपायची आणि तोंड फिरवायची. टाका घेतला तर नवरा जाणार आणि सोडला तर खोळ अंगात बसणार नाही, थंडी जाणार नाही, आणि संक्रांतीनंतर नवरा जाणारच. अशा दोन भिंतींमधे ती सापडली होती. मी तिच्या हातात पुढे-मागे, पुढे-मागे होत राहिले. आयुष्यात इतकं विणूनही मी इतकी निरुपयोगी कधीच नव्हते.

संक्रांत बुधवारी झाली. गुरुवारी तिने दोन्ही तुकडे खांद्यावर जोडले. शुक्रवारी दिवस उगवायच्या आधी तात्याबा अंगणात, मोकळ्या वाघरीजवळच्या दगडावर जाऊन बसले. सहाची गाडी धरायची असली की एव्हाना ते पटका बांधून तयार असायचे. आज पटका खुंटीलाच होता.

बनाबाई भाकरीची पिशवी घेऊन बाहेर आली. "आवं, गाडीचा टाईम झाला."

"म्या सांगितलं हुतं."

"खोळ झालीया. घालून तर बघा."

तिने ती त्यांच्या डोक्यावरून घातली. गळ्यातून कशीबशी खाली उतरली आणि तिथेच अडकली. खाली घेर रुंद, वर जेमतेम निम्मा. दोन्ही खांदे उघडे, पाठीचा वरचा भाग उघडा, आणि पुढे लोकर लोंबते आहे. पहाटेचं वारं नेमकं तिथून आत शिरत होतं. तात्याबांनी खाली बघितलं आणि किती दिवसांनी त्यांना हसू आलं.

"ह्ये काय गं बना? बोकडाच्या गळ्यात फडकं बांधत्यात तसलं?"

त्या हसण्याने तिचा बांध फुटला. ती मातीत खालीच बसली.

"हसा! लय हसा! मला काय विनाया येत न्हाई व्हय? त्या बाईनं नीट शिकिवलंय मला. म्या मुद्दाम सोडला शेवटचा टाका, दर वळीला सोडला. एकदा न्हाई सोडला तर आण्णा गेलं. तुमी काय समजता, तुमी ह्या डॉक्टरच्या औशिदानं जगलाय? बिरुबाचा त्येला देत आले म्हणून जगलाय! आन्‌ तुमीच म्हनताय मला सोड. कसं सोडू? सांगा की, कसं सोडू?"

तात्याबांचं हसू मावळलं. खोळ गळ्यात तशीच. त्यांनी विचारलं, "बिरुबाचा म्हंजी?"

"मामंजी म्हनायचं न्हवं का रोज. शेवटचं मोजायचं न्हाई, त्ये देवाचं."

"कुनी सांगितलं तुला?"

"म्या सोता ऐकलंय. वाघरीचं त्वांड धरून हुबी असायची मी."

"तू म्होरं हुबी असायचीस," तात्याबा सावकाश म्हणाले. "म्या बाच्या मागं असायचो. आगं, त्ये शेवटचं पायानं आत जात न्हवतं. कळपाच्या मागं एखादं लंगडं पडायचं, एखादं आजारी, एखादं आदल्या दिवशी जलमलेलं. बा त्येला घोंगड्याच्या खोळीत घालून खांद्यावर आणायचा. मोजायचं त्ये पायानं चालनारं. खांद्यावरचं कशाला मोजायचं? त्ये हरवंल कसं? उद्या त्ये जगंल का न्हाई ह्ये बिरुबालाच ठावं, म्हणून म्हनायचा, आन्‌ एक बिरुबाचं." ते थांबले. धाप लागली होती. "बा त्येला सोडत न्हवता, बना. उचलून आणत हुता."

बोलता बोलता त्यांचा हात स्वतःच्याच गळ्यातल्या खोळीवर गेला. फाट्यावर सहाची गाडी थांबली, हॉर्न वाजला आणि ती निघून गेल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. डायलिसिसचा दिवस होता आणि गाडी चुकली होती. बनाबाईने तोंडावर पदर घेतला. मी पिशवीतून डोकं काढून बघत होते आणि मला वाटलं, संपलं.

तात्याबांनी खोळ डोक्यावरून काढली. खांद्यावरच्या जोडाशी दाताने गाठ सोडवली आणि धाग्याचं टोक ओढलं. एक ओळ सुटली, दुसरी सुटली. सुटलेला धागा ते डाव्या हाताला जपत उजव्या बोटांनी गुंडाळू लागले. जन्मभर लोकर कातलेली बोटं ती, गुंडा कसा गोल आणि घट्ट होत गेला.

"आवं, काय करताय?"

"उसवतोय. पुन्ना घाल. ह्या टायमाला शेवटचा उचलायचा." मग थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "दुसरी गाडी कवा हाय?"

"साडेसातला."

"माझा पटका आन."

उशीर झाला म्हणून मंगल सिस्टर बोलली, तिचं बरोबरच होतं. जागा एकच मोकळी होती, कोपऱ्यातली, आण्णांची. बनाबाई दारातच थबकली. तात्याबा मात्र जाऊन त्या खाटेवर आडवे झाले, डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "शिस्टर, हिला आत बसू द्या. हिला मोजायला येत न्हाई, मी मोजनार हाय."

सिस्टरने दोघांकडे बघितलं, बनाबाईच्या पायांत प्लास्टिकच्या पिशव्या घालायला लावल्या, हात धुवायला लावले आणि एक स्टूल सरकवलं.

मशीन सुरू झालं. बनाबाईने मला हातात घेतलं. मला आता ती खुरप्यासारखं धरत नव्हती, पण घाम मात्र तोच. साखळी झाली, पहिली ओळ सुरू झाली. तात्याबा डोळे मिटून मोजत होते. एक विसा झाला. दोन विसा झाले. तिसऱ्याला त्यांना थंडी भरली. आकडे दातांवर आपटू लागले, चादर थरथरू लागली, तरी ते मोजतच राहिले. शहात्तर. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर. एकुणऐंशी.

बनाबाई थांबली. माझी मान त्या शेवटच्या टाक्याच्या तोंडाशी होती. दोनदा तिने मला टाक्यात घातलं आणि दोनदा बाहेर काढलं. मित्रांनो, लोखंडाला, धातूला जीव नसतो म्हणतात. मला त्या क्षणी कुणी विचारायला हवं होतं.

"उचल," तात्याबा म्हणाले.

तिने उचलला.

मग त्यांनी विचारलं, "अशा किती वळी व्हायच्या?"

"दोनी मिळून चार विसाच्या जवळ."

त्यांनी मनात हिशेब केला. चार तासांत चार-पाच ओळी, आठवड्यात दोन दिवस. "म्हंजी लय दिस यायला लागंल," ते म्हणाले, आणि पुढची ओळ मोजू लागले.

आज पुढचा तुकडा पुरा झाला आहे आणि मागचा निम्म्यावर आला आहे. बनाबाई आता घरी मला हात लावत नाही. एक ओळसुद्धा नाही. जे विणायचं ते त्या स्टुलावर बसूनच. का, ते ती बोलत नाही, तात्याबाही विचारत नाहीत. मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. त्या मशीनने किडनी बरी होत नाही, थंडी अजून वाजतेच, आणि एखाद्या शुक्रवारी त्यांचा आवाज इतका खोल जातो की आकडा ऐकायला बनाबाईला वाकावं लागतं. माझी मानही आता झिजली आहे, धागा मधेच सुटतो.

तरी एक मागणं मागते. तुमच्याही घरात, वर्गात, गल्लीत कुणीतरी कळपाच्या मागे पडलेलं असेल. चालताना मागे वळून बघत जा. आपण किती जण आहोत हे मोजताना चुकलात तर चालेल. पण ते "मला सोडा" म्हणालं, तर तेवढं एक त्याचं ऐकू नका.

आता मला थांबायला हवं. खाटेवरून आकडा आला आहे, एकुणऐंशी.